पडत्या काळातील चूल

मराठी भाषेत घराची स्थिती सांगावयाची झाल्यास चुलीचे नाव घ्यावे लागते. भाऊ विभक्त झाले म्हणजे चुली वेगळ्या झाल्या. संसार मोडला म्हणजे चूल विझली. घरात अन्नान्नदशा झाली म्हणजे चूल थंडावली. घरात मृत्यू घडला तर त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी किंवा आप्त आपल्या घरून पिठले, भात, भाकरी आणतात, दुःखात बुडालेल्या माणसांना आग्रहाने दोन घास खावयास लावतात, आणि त्या अन्नाला ‘कडू घास’ असे म्हणतात. पुढे ज्या दिवशी त्या घरातील स्त्री पुन्हा चूल पेटविते, त्या दिवशी भोवतालचे लोक ओळखतात की, आता हे घर सावरू लागले. ह्या साध्या रूढीत दोन अनुभव साठविलेले आहेत. संकटात दुसऱ्याच्या हातचे अन्न घेणे भाग असते, हा एक. आणि माणसाचे मन ठिकाणावर येते ते मात्र आपल्या चुलीपाशी, हा दुसरा.

जे एका घराविषयी खरे, ते एका मुलखाविषयीही खरे असते काय? ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा तर विदर्भाच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांचा इतिहास फार बोलका आहे. हा सारा प्रदेश पूर्वी चांदा ह्या एकाच नावाने ओळखला जात असे. चांद्याचे चंद्रपूर असे नामांतर १९६४ साली झाले, आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. गोंड राजांनी येथे कित्येक शतके राज्य केले. त्यांच्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. पश्चिमेकडे वरोऱ्याच्या बाजूस काळी जमीन आणि ज्वारी. मध्ये ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ह्या भागांत तलाव आणि भात. आणि वैनगंगा ओलांडून पूर्वेस व दक्षिणेस गेले म्हणजे धानोरा, एटापल्ली, अहेरी, भामरागड, सिरोंचा असे साग, बांबू आणि मोह यांचे घनदाट रान. ह्या रानातील बहुतेक वस्ती गोंड व माडिया लोकांची.

ह्या मुलखात पडता काळ दुष्काळाच्या वर्षीच येतो असे नाही. तो थोड्याबहुत प्रमाणात दरवर्षी येतो, आणि त्याचे महिने ठरलेले असतात. भाताची कापणी कार्तिक-मार्गशीर्षात होते. सावकाराचे देणे, बियाण्याची बाजूस काढलेली रास, लग्नकार्ये हे सारे उरकता उरकता ज्येष्ठ उजाडतो आणि कुडाच्या ढोलीत हात घातला तर बोटांना तळ लागतो. आषाढ-श्रावणात तर विलक्षणच प्रसंग: शेतात चिखलणी आणि रोवणी यांची कामे ऐन भरात, अंगमेहनत वर्षातील सर्वांत अधिक, आणि घरात धान्य सर्वांत कमी. अशा वेळी दिढीने धान्य काढावे, म्हणजे एक मण घेऊन दीड मण परत करण्याचे कबूल करावे, हा एक मार्ग होता. आणि रानाकडे पाहावे, हा दुसरा. पहिल्या मार्गाने चूल आज पेटे आणि पुढच्या वर्षी अधिक लवकर थंडावे. दुसरा मार्ग घरातील बायकांना ठाऊक होता. त्याच्या केंद्रस्थानी होता मोह.

मोहाचे झाड होळीच्या सुमारास पाने गाळू लागते आणि चैत्रात फुलते. त्याची पांढुरकी, रसाळ, जाड पाकळ्यांची फुले रात्रभर फुलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. उन्हे चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. म्हणून ह्या दिवसांत बायका आणि मुले अंधार असतानाच टोपल्या घेऊन रानात जातात. झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ करून ठेवलेली असते. घरी आणलेली फुले अंगणात वाळत घालतात. दोनचार दिवसांत ती आक्रसून मनुकांसारखी तांबूस-तपकिरी होतात, आणि नीट वाळविलेली असली तर वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. चैत्रातील उन्हाने दिलेली ही साखर आषाढातील पावसात कामाला येते. पुढे ज्येष्ठाच्या सुमारास त्याच झाडाला टोळ येतात, आणि त्यांच्या बियांचे तेल काढून ते खाण्याला आणि दिव्याला वापरतात. गोंड-माडिया लोकांत नवे फळ किंवा फूल देवाला वाहिल्याखेरीज तोंडात घालू नये असा दंडक असून त्या निमित्ताने होणाऱ्या सणाला पंडुम असे म्हणतात. ज्या वस्तूवर घराचा कठीण काळ अवलंबून, तिला आधी नमस्कार करावा, असा ह्या सणाचा सरळ अर्थ आहे.

मोहाचा ऐवज केवळ साठवून भागत नाही. त्याचे अन्न करणे ही स्वतंत्र विद्या आहे. फुलांतील केसर चोळून झाडून टाकावे लागतात. मग फुले धुऊन, पाण्यात घालून, मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवावी लागतात. शिजलेला गोळा ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात मळून त्याची भाकर करतात. भाजलेले तीळ किंवा जवस घालून उखळात कुटला तर त्याचे लाडू वळता येतात. धान्य अगदीच नसेल तेव्हा भाजून सोललेले चिंचोके मोहाबरोबर शिजवीत. नुसता मोह पोटभर खाल्ल्यास तो बाधतो, डोके जड होते, हे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या बाईला ठाऊक असते. म्हणून कशात किती मिसळावयाचा हे प्रमाण सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे हाताच्या अंदाजानेच जात आले. त्याची पुस्तके कोणी लिहिली नाहीत.

मोहाच्या जोडीला आंबील. ज्वारीचे, तांदळाचे किंवा नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवावे, सकाळी भरपूर पाण्यात शिजवावे, मीठ घालावे, असले तर ताक घालावे. माडिया घरांत असल्याच पातळ पेजेला जावा म्हणतात, आणि ती वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून रानात किंवा शेतात घेऊन जातात. मूठभर पिठात चार माणसांची न्याहारी निघते, हा आंबिलीचा गुण. पहिला पाऊस पडला की तरोट्याची कोवळी पाने उगवतात. बांबूच्या बेटांतून कोंब वर येतात, त्यांना वास्ते म्हणतात, आणि ते बारीक चिरून, पाण्यात ठेवून, त्यांचा कडूपणा काढून त्यांची भाजी करतात. वारुळांच्या आसपास सात्या उगवतात. कुड्याच्या फुलांची भाजी होते. रानातून आलेली बाई परडी खाली ठेवते तेव्हा मुले धावत येऊन आत काय आहे ते पाहतात. घरात धान्य नाही ही गोष्ट त्या मुलांना ठाऊक असतेच. तरी त्या क्षणी त्यांना भीती वाटत नाही. चुलीवर काहीतरी शिजत आहे, त्याचा वास परिचयाचा आहे, आणि वाढणारा हात आईचा आहे, एवढ्याने मूल निर्धास्त होते. पडत्या काळातील घरगुती अन्नाचा दिलासा म्हणतात तो हाच. पोटात किती गेले ह्याच्याशी त्याचा संबंध आहे, परंतु तेवढ्यापुरताच तो नाही.

तथापि ह्या अन्नाचे नुसते कौतुक करीत बसणे हा त्या लोकांवर अन्याय होईल. टंचाईच्या अन्नात धोकेही होते. भाताचे पीक निघण्यापूर्वी त्याच ओल्या बांधीत लाखोळी पेरण्याची रीत पूर्व विदर्भात आहे. ही डाळ थोड्या पाण्यावर येते, स्वस्त असते, आणि इतर पिके बुडाली तरी हाती लागते. परंतु इतर धान्य न मिळता महिनोन्महिने तिच्यावरच राहावे लागले तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडतात. मध्य हिंदुस्थानातील सागर भागात १८३० नंतरच्या टंचाईत हा प्रकार घडल्याचे स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. आणखी एक गोष्ट कोणत्याही अहवालात फारशी आढळत नाही, पण घरोघरी घडत असे. मडके लहान असले म्हणजे वाढणारी बाई सर्वांच्या मागून जेवी, आणि पुष्कळदा तिच्या वाट्यास मडक्याला लागलेली खरवडच येई. घराला मिळणाऱ्या दिलाशाची किंमत कोणीतरी भरीत होते, आणि ती भरणारी बहुधा तीच असे.

ह्या चुलीची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली. १८९६ साली पावसाळा वेळेआधीच संपला आणि मध्यप्रांतातील भात करपले. त्या दुष्काळातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ साली पावसाने जवळजवळ पाठ फिरविली, आणि १८९९-१९०० चा तो दुष्काळ आला ज्याला उत्तरेकडे ‘छप्पन्नचा काळ’ म्हणतात, कारण त्या वेळी विक्रम संवताचे १९५६ वे वर्ष होते. चांदा जिल्हा मध्यप्रांतात मोडत असे. त्या वेळी वर्ध्याहून आलेली रेल्वे वरोऱ्यापर्यंतच पोचली होती; तेथून पुढे धान्य न्यावयाचे ते बैलगाडीने, आणि वैरणीअभावी बैलच मरू लागलेले. १८९१ साली मध्यप्रांताच्या इंग्रजी मुलखाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती सुमारे ९९ लाखांवर आली. वाढ होण्याऐवजी दहा वर्षांत जवळजवळ नऊ लाखांची घट झाली. दोन दुष्काळ, आणि त्यांच्या मागून आलेले पटकी व हिवताप यांची ही करणी होती.

सरकारने मदत केली नाही असे म्हणता येणार नाही. रस्ते आणि तलाव यांची कामे निघाली, अपंगांना गावातच मदत देण्यात आली, आणि १८९९-१९०० साली मध्यप्रांतात ठिकठिकाणी सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडण्यात आली. १९०० च्या पावसाळ्यात ह्या प्रांतात निरनिराळ्या प्रकारांनी मदत घेणाऱ्यांची संख्या २० लाखांवर गेली होती. ह्या स्वयंपाकघरांनी असंख्य मुलांचे प्राण वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या योजनेत एक विचार असा होता की, शिजविलेले अन्न लोकांसमोर बसून घेण्याचा माणसाला संकोच वाटतो, आणि तो संकोच हीच गरजेची कसोटी होय. ज्याला खरी भूक आहे तोच येईल. हिशेबाच्या दृष्टीने ही कसोटी सोयीची होती. माणसाच्या दृष्टीने ती किती कठोर होती, हे जंगलातील लोकांच्या वागणुकीवरून दिसून आले. गाव सोडून दूरच्या कामावर जाणे किंवा परक्या हातचे शिजलेले अन्न खाण्यासाठी पंगतीत बसणे त्यांना नको असे, ही तक्रार त्या काळच्या दुष्काळविषयक लिखाणात वारंवार आलेली आहे. अधिकाऱ्यांना तो त्यांचा बुजरेपणा वाटला. वस्तुतः स्वतःच्या चुलीपासून तुटणे म्हणजे घर मोडणे, ही समजूत त्याच्या मुळाशी होती.

ही समजूत केवळ चांद्याच्या रानातलीच आहे असे मानण्याचे कारण नाही. १८४७ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला असता सरकारने सूप वाटणारी स्वयंपाकघरे उघडली, आणि जुलै महिन्यात तेथे दररोज सुमारे ३० लाख माणसे जेवत होती. डब्लिन शहरात सॉयर नावाच्या प्रसिद्ध फ्रेंच आचाऱ्याने उभारलेल्या स्वयंपाकघरात घंटा वाजली की लोकांची एक तुकडी आत येई, साखळीने बांधलेल्या चमच्याने घाईघाईने सूप पिई, आणि दुसऱ्या तुकडीस जागा करून देई. ह्या व्यवस्थेने प्राण वाचले. तरीही अनेक ठिकाणी आयरिश लोकांनी मागणी केली ती अशी की, आम्हांला शिजवलेले सूप नको, कोरडे पीठ द्या, आम्ही घरी नेऊन शिजवू. हजारो कोस अंतरावरील दोन देशांतील गरीब माणसे एकमेकांना न ओळखता एकच गोष्ट मागत होती. त्यांना धान्य हवे होते, आणि ते आपल्या विस्तवावर शिजविण्याचा मानही हवा होता.

चांद्याच्या रानात हा मान टिकविण्याचे साधन रान हेच होते, आणि दुष्काळाच्या वर्षी सरकारलाही हे मान्य करावे लागले. राखीव जंगलातील कंद, फळे, फुले वेचण्यास त्या वर्षांत मोकळीक देण्यात आली. परंतु दुष्काळ सरला की मोकळीकही सरे. मोहाच्या फुलापासून दारू होते आणि दारूवर सरकारचे उत्पन्न अवलंबून, ह्या कारणाने त्या फुलाकडे अन्न म्हणून पाहण्यापेक्षा अबकारीचा माल म्हणून पाहण्याची दृष्टी बळावली. मुंबई इलाख्यात १८९२ साली ठाणे-कुलाबा भागासाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदाच झाला. १९२७ च्या जंगल कायद्यात तर वनोपजाची व्याख्या करताना मोहाची फुले आणि बिया अशा वर्गात घातल्या की, त्या जंगलात मिळोत अगर जंगलाबाहेर, वनोपजच ठरतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधने आली, आणि पुढे तो कायदा विदर्भालाही लागू झाला. दारूचे दुष्परिणाम खरे आहेत, आणि ते ह्या जिल्ह्यांतील बायकांइतके दुसऱ्या कोणी भोगले नसतील. परंतु एकच फूल भट्टीवर चढते आणि चुलीवरही चढते. भट्टी विझविण्याच्या भरात कायद्याचा हात चुलीवर पडला, हेही तितकेच खरे आहे.

ह्याच चांद्याच्या भूमीत, अगदी निराळ्या संकटात, चुलीचा हाच अर्थ पुन्हा एकदा प्रकट झाला. कुष्ठरोग झालेल्या माणसाला पूर्वी घरात प्रथम काय नाकारले जाई, तर स्वयंपाकघर. त्याचे ताट वेगळे होई, मग वाढणे दुरून होई, आणि शेवटी त्याला घराबाहेर पडावे लागे. अशा माणसांसाठी बाबा आमटे आणि साधनाताई आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन वसविले. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची; १९५१ च्या जून महिन्यात विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. सोबत सहा रोगी, दोन लहान मुले, एक लंगडी गाय, आणि गाठीला चौदा रुपये. भीक म्हणून आलेले अन्न खाऊन रोग्यांनी दिवस काढावेत हा मार्ग तेथे पत्करला नाही. विहीर खणली, जमीन फोडली, भाजीपाला आणि धान्य पिकविले. ज्यांच्या हातचे पाणी जग घेत नव्हते, त्यांनी आपल्या हाताने पिकविलेले अन्न आपल्या चुलीवर शिजवून खाल्ले.

पुढची अडचण बाजाराची होती. पीक खाऊन उरू लागले, तरी रोग्यांच्या हातची भाजी घ्यावयास गावातील माणसे कचरत. तेवढ्यात निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक श्रमदानासाठी आनंदवनात येऊन राहिले, आणि तीच भाजी खाऊन त्यांनी बांधकामे उभी केली. सातासमुद्रापलीकडची माणसे निःशंकपणे जेवतात हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. औषधाने रोग बरा होतो. पण आपण माणसांत परत आलो असे त्या रोग्याला कधी वाटले असेल, तर त्याच्या हातची भाजी दुसऱ्याच्या घरच्या कढईत पडली तेव्हा.

चांद्याच्या रानातील चुलीलाही तिचा हक्क उशिरा का होईना, पण मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील गावांची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा ह्या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्यांची गणना होते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील आणि वाहून नेण्यावरील निर्बंधही सैल केले. छप्पन्नच्या काळात ज्या बायकांनी मूठभर पीठ आणि परडीभर मोह यांवर घर तगविले, त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. परंतु त्यांचे ज्ञान बुडालेले नाही. चैत्राच्या पहाटे आजही त्या रानांत टोपल्या निघतात आणि अंगणांत फुले वाळतात.

शहरातील सुशिक्षित घरांत चूल जाऊन तिच्या जागी शेगडी, आणि शेगडीच्या जागी गॅस आला, तरी त्या जुन्या रूढीचा अर्थ पालटलेला नाही. आजारपण, नोकरी जाणे, कर्त्या माणसाचा वियोग, असे प्रसंग प्रत्येक घरी येतात. त्या दिवसांत शेजाऱ्याने आणलेला कडू घास नम्रपणे घ्यावा. तो नाकारणे हा अभिमान नव्हे. पण तो देणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवावे की, आपले काम ताट भरून संपत नाही. त्या घरची चूल पुन्हा पेटावी, तिच्यावर साधी आंबील का असेना, पण ती त्या घरच्या हातांनी शिजावी, इथपर्यंत ते पोचले पाहिजे. १९०० साली मोठमोठ्या स्वयंपाकघरांना जे पुरतेपणी साधले नाही, ते रानातून परडी भरून आणणाऱ्या बाईला साधले होते. कारण भुकेल्या मुलापुढे तिने जे ठेवले, त्यात अन्न थोडे होते, पण घर सगळे होते.